मालकाचा पासवर्ड

मांडवीच्या रस्त्याला ‘यासीन ग्राफिक्स’ नावाचा गाळा होता. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक स्कॅनर, कोपऱ्यात एसटीडीची काचेची केबिन आणि गिऱ्हाइकाला बसायला स्टुलं. यासीन होता तोवर या गाळ्याला घरात कोणी दुकान म्हणत नसे. “पोराचा खेळ हाय तो,” असं थोरला भाऊ अझीम म्हणायचा. २००४ च्या मार्चात यासीन आरे-वारेच्या वळणावर मोटारसायकलवरून घसरला तो उठलाच नाही, आणि महिना लोटायच्या आत त्याच खेळाला सगळे ‘मोक्याची जागा’ म्हणायला लागले. माणूस वजा झाला की मागे राहिलेल्या वस्तूंना भाव येतो. यात कोणाचा दोष नाही, बाजाराची रीतच ती.

रझिया, यासीनची बायको, इद्दतीत घरात होती. नवरा गेल्यावर बाईने चार महिन्यांवर काही दिवस उंबऱ्याबाहेर पडायचं नाही, हा रिवाज. भेटायला येणाऱ्या बायका आधी तिच्या डोळ्यांकडे बघत, पाणी किती साठलंय त्याचा अंदाज घेत, आणि काही न सापडल्याने जरा नाराज होऊन चहा पीत. रझिया रडत नव्हती. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही, चिमटा काढला तरी शेजारणीच्या पायाला काढल्यासारखा वाटतो. तसं तिचं सगळ्या अंगाचं झालं होतं. कोणी बोललं की ती ऐकायची. भात वाढला की जेवायची. तोंडावर ‘धीराची आहे हो’ म्हणणाऱ्या बायका गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर दुसरंच काहीतरी म्हणायच्या.

इद्दत संपली त्याच आठवड्यात मच्छीमार सोसायटीचे चेअरमन आत्माराम पडवीत येऊन बसले. खलाशांची फोटोवाली ओळखपत्रं करायचं काम यासीनने घेतलं होतं. फोटो स्कॅन करायचे, नाव, होडीचं नाव, रक्तगट घालायचा, छापून द्यायचं.

“वहिनी, राग मानू नका,” आत्माराम म्हणाले. “नारळी पुनव झाली की होड्या पाण्यात जाणार. त्याच्या आधी प्रत्येकाच्या खिशात कार्ड पाहिजे. होणार असेल तर तसं सांगा, नसेल तर तसं. मी काय, दुसरीकडे देईन.”

“होईल,” रझिया म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तिला तो पडवीच्या पलीकडून आल्यासारखा वाटला.

आत्माराम गेल्यावर अझीम बराच वेळ मिशी ओढत बसला. त्याला वाईट माणूस म्हणावं तर हिशेब चुकेल. भावाला खांदा त्याने दिला, घरात मासळी तोच आणून टाकत होता. फक्त प्रत्येक गोष्टीचा एकदाचा निकाल लागावा असं त्याला वाटे, आणि निकाल आपल्या हातून लागावा असंही.

“बघ रझिये,” तो म्हणाला. “मोबाईलवाला एक गाळा मागतोय. मी त्याला पुनवेपर्यंत थांब म्हटलंय. तुझ्याच्याने हे काम झालं तर गाळा तुझा, मी तोंड नाय घालायचा. नाय झालं तर त्याला देऊ, भाडं तुझ्या हातात देईन, आणि तू आंजर्ल्याला भावाकडे र्‍हा सुखाने.”

आंजर्ल्याच्या भावाने खोली आधीच झाडून ठेवली होती. सगळे इतके चांगले वागत होते की नाही म्हणायला जागा नव्हती. रझियाला एवढंच कळत होतं, की गाळा हवा. का हवा, ते तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण बाकी कशाबद्दल काही वाटतच नव्हतं, आणि याबद्दल निदान ‘हवा’ असं वाटत होतं. म्हणून तिने ते धरून ठेवलं.

आता यासीनच्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगायला हवी. अख्ख्या बाजारात कॉम्प्युटर चालत ते विकतच्या सिस्टिमच्या चोरीच्या सीडीवर. यासीनने मात्र पुण्याच्या कुठल्याशा गटाने पोस्टाने पाठवलेल्या सीड्यांवरून लिनक्स बसवलं होतं. फुकट आहे आणि चोरीचं नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की आपल्याकडे माणसाला आधी संशय येतो. तसा तो सगळ्यांना आला होता. त्यात त्यावर प्रिंटर चालवणं म्हणजे नव्या नवरीला सासरची माणसं ओळखवण्यासारखं. एकेकाला पुढे करून सांगावं लागे, हा कोण, याच्याशी कसं बोलायचं, हा कशावर रुसतो. स्कॅनर तर थोरल्या जावेसारखा, दिवा लावून बसायचा पण ओळख द्यायचा नाही. यासीन आठवडेच्या आठवडे त्यांची मनधरणी करत बसे आणि अखेर एखादं पान बाहेर आलं की गल्लीतून कोणालाही ओढून आणून दाखवी.

मशीनच्या आत प्रत्येकाला आपापली खोली होती. रझियाची तिच्या नावाची, तिच्या पासवर्डची. तिथे बसून ती मराठी टाइप करायची, लग्नपत्रिका लावायची. पण नवं यंत्र जोडायचं किंवा बंद पडलेलं चालू करायचं म्हटलं, की मशीन रूटचा, म्हणजे सगळ्या खोल्यांवर हुकूम चालणाऱ्याचा, पासवर्ड मागे. यासीन त्या रूटला ‘मालक’ म्हणायचा. मालकाचा पासवर्ड त्याच्या एकट्याकडे होता. रझियाने एकदा मागितला, तर म्हणाला, “तुला कशाला? मी आहे ना.” त्यात वाईट काही नव्हतं. तो होता.

पहिल्या दिवशी अझीमने शटर वर केलं तेव्हा आतून बुरशीचा वास आला. पावसाने गाळ्यातलं सगळं ओलं करून ठेवलं होतं. वाळली होती ती तेवढी प्रिंटरमधली शाई. रझियाने आपल्या खोलीत शिरून एक पान पाठवलं. प्रिंटर कण्हला आणि कोरा कागद बाहेर टाकला. दुसरं पाठवलं, तेही कोरं. मग पडद्यावर आलं की प्रिंटर थांबवला आहे, चालू करायचा तर मालकाचा पासवर्ड द्या. स्कॅनरचा दिवा लागला होता, पण मशीन म्हणालं, स्कॅनर सापडत नाही. स्कॅनिंग नेहमी यासीनच करायचा, मालकाच्या खोलीत बसून. दुसऱ्या कोणाला स्कॅनर दिसावा अशी सोय करायची वेळच कधी आली नव्हती. सोसायटीच्या अर्ध्या खलाशांची नावं त्याने भरून ठेवली होती, ती त्याच्या खोलीत कुलूपबंद.

दुसऱ्या दिवशी अझीम नवा कोरा प्रिंटर काखोटीला मारून आला. खोक्यावर त्या दुसऱ्या, विकतच्या सिस्टिमचं चित्र होतं. जोडला. मशीनने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

“नवा हाय तो!” अझीम मशीनला म्हणाला.

“नवा आहे,” रझिया म्हणाली, “पण याच्या ओळखीचा नाही.”

“मग पुसून टाक सगळं आणि घाल ती बाजारातली सीडी. सगळं जग वापरतंय. आपल्याच घरात हा शहाणपणा.”

“पुसलं तर त्यांनी भरलेली नावं जातील. आत्मारामभाऊंकडे दुसरी प्रत नाही.”

मग अझीमने पासवर्ड ओळखायचं ठरवलं. ही बातमी घरी पोचली आणि संध्याकाळी सासू आणि नणंद झरीन छत्री घेऊन गाळ्यात हजर झाल्या. स्टुलं भरली. अझीम केबिनला टेकून उभा राहिला.

मयताची जमीन वाटताना माणसं जरा तरी लाजतात. मयताचं प्रेम वाटायला बसली की कोणी लाजत नाही.

“माजं नाव घाल गो,” सासू म्हणाली. “पोरगा माजा होता. परीक्षेच्या पेपरावर पण आधी माजं नाव लिवायचा.”

रझियाने टाइप केलं. हा पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, फुलीसुद्धा नाही. नुसती लुकलुकणारी रेघ.

“मारलंस की नाय? काय दिसत नाय ता.”

“दिसत नाही अम्मी. तसंच असतं.”

मशीन म्हणालं, चूक.

“अलिझा घाल,” अझीम म्हणाला. अलिझा त्याची मुलगी, आणि त्याच्या होडीचं नावही तेच. “पोरीवर जीव होता त्याचा. होडीचं नाव पण त्यानेच रंगवलं.”

चूक.

“माझं बघ ना भाभी,” झरीन म्हणाली. “मला सायकल त्यानेच शिकवली.”

“सायकल शिकवली म्हणून काय पासवर्ड ठेवतात?” अझीम म्हणाला.

“होडी रंगवली म्हणून ठेवतात ना? मग!”

तेही चूक निघालं. मग क्रिकेटच्या टीमचं नाव झालं, गेलेल्या बापाचं झालं, लहानपणी पाळलेल्या बोकडाचं झालं. बोकडावर सासू जरा रागावली. आपल्या नावानंतर बोकडाचं नाव घ्यावं हे तिला पटलं नाही. अंधार पडायच्या सुमाराला सगळे उठले. प्रत्येकाचं मत पक्कं होतं, की बाकीच्यांची नावं चूक असणारच होती, पण आपलं का लागलं नाही हे कोडं आहे. रझियाचं नाव घाल, असं कोणी म्हटलं नाही. मुद्दाम नाही, कोणाच्या डोक्यातच आलं नाही. रझियाच्या डोक्यात आलं होतं. तिने ते तिथेच ठेवलं.

पुढचे दिवस ती रोज गाळ्यात जाऊन बसायची. मोबाईलवाला एकदा टेप घेऊन आला आणि भिंत मोजून गेला, जाताना म्हणाला, “ताई, घाई नाही हां.” मग एका दुपारी केबिनमधला फोन वाजला.

“यासीनभाई आहेत का? मी पुण्याहून ऋत्विक बोलतोय. अहो, किती दिवस फोन करतोय, नुसती रिंग जाते.”

“नाहीत ते.”

“कधी येतील?”

“ते वारले. मार्चमध्ये.”

हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की दुकानाची वेळ सांगावी तसं ते बाहेर पडलं.

“मला... आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं,” ऋत्विक म्हणाला. “मेल यायच्या बंद झाल्या तर वाटलं, कामात असतील. वहिनी ना तुम्ही? वहिनी, आमच्या गटात निम्म्या लोकांचे स्कॅनर त्यांच्यामुळे चालतात. ते कसं जमवलं ते त्यांनी सगळ्यांना लिहून पाठवलं होतं.”

“इथला चालत नाही,” रझिया म्हणाली.

आणि मग तिने सगळं सांगितलं. वाळलेली शाई, थांबवलेला प्रिंटर, ओळख न देणारा स्कॅनर, कुलूपबंद नावं, पुनव, मोबाईलवाला. एकाच सुरात, वाण्याकडे यादी सांगावी तसं.

“मालकाचा पासवर्ड नाही माझ्याकडे,” ती शेवटी म्हणाली.

“रूटचा? त्याचं टेन्शन घेऊ नका. मशीन समोर आहे ना तुमच्या? मग पाच मिनिटांचं काम आहे. नवा घालता येतो.”

“आणि जुना?”

“जुना गेला.”

“तो बघता नाही येत? आत कुठेतरी असेलच की.”

“नसतो हो वहिनी. मशीन शब्द ठेवतच नाही. दळून ठेवतं. तुम्ही काही टाकलंत की तेही दळतं आणि दोन्ही पिठं सारखी आहेत का तेवढं बघतं. पिठावरून दाणा नाही काढता येत. मशीनलासुद्धा माहीत नसतो तो.”

रझियाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“म्हणजे, एकदा नवा घातला की जुना काय होता ते कधीच कळणार नाही,” ऋत्विक म्हणाला, आणि जरा अडखळला. “म्हणून विचारतो. अंदाजाने काही बघितलंत का? तुमचं स्वतःचं नाव वगैरे?”

फोनची वायर ताणून तिने रिसीव्हर टेबलापर्यंत आणला होता. समोर पडद्यावर ती रेघ लुकलुकत होती, पासवर्ड मागत. तिच्या नावाची अक्षरं टाइप करायला एक श्वासही लागला नसता.

तिने दोन्ही बाजू मांडून बघितल्या. उघडलं नाही, तर सासू, अझीम, झरीन आणि तो बोकड यांच्या रांगेत आपणही शेवटी उभ्या. आणि उघडलं तर? तर इतके महिने जे आलं नाही ते सगळं एकदम येईल, याच स्टुलावर, आणि मग खलाशांची कार्डं कोण छापणार? कुठल्याही बाजूने बेरीज केली तरी शिल्लक काही उरत नव्हती.

“बघितलं,” ती म्हणाली. “नाही लागलं.”

“बरं. मग मशीन बंद करून चालू करा.”

त्याने एकेक अक्षर सांगितलं, तिने एकेक मारलं. “आता स्पेस. आता सिंगल, एस आय एन जी एल ई. आता एंटर.” काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या. पासवर्ड न विचारताच मालकाची खोली उघडली होती. मागच्या मोरीकडून आत शिरल्यावर मोठ्या दाराचं कुलूप उगीचच होतं असं वाटतं, तसं तिला वाटलं.

“आता पी ए एस एस डब्ल्यू डी. एंटर. नवा विचारेल. मला सांगू नका. दोनदा मारा.”

तिने दोनदा मारला. काही उमटलं नाही. मशीन म्हणालं, बदलला.

काहीतरी तुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पंखा चालू होता, बाहेर रिक्षा वळत होती.

“झालं?” ऋत्विकने विचारलं.

“झालं. आता प्रिंटर.”

प्रिंटरचा उपाय स्वयंपाकघरातलाच निघाला. शाईची डबी काढून तोंडाकडून कोमट पाण्याच्या बशीत उभी करायची. थोड्या वेळाने पाण्यात काळी रेघ सुटली, म्हाकूल मासा साफ करताना त्याच्या पोटातली शाई सुटते तशी. जुन्या लुंगीच्या फडक्यावर तिने ती टिपली, परत बसवली. मालकाच्या खोलीतून प्रिंटर चालू केला. पहिलं पान रेघारेघांचं आलं, दुसरं बरं, तिसऱ्यावर अक्षरं सलग. स्कॅनरने दोन दिवस घेतले. ऋत्विक दुपारी फोन करायचा, कधी यासीननेच पाठवलेली जुनी मेल तिला वाचून दाखवायचा. रझियाच्या नावाच्या खोलीतूनही स्कॅनर दिसेल अशी परवानगी शेवटी लागू झाली, आणि काचेखालची ट्यूब घरघरत पुढे सरकली.

यासीनच्या खोलीतून तिने खलाशांची नावं तेवढी उचलली. बाकी काय काय होतं, ते उघडलं नाही.

पासवर्ड ‘मोडला’ ही बातमी गल्लीत फिरली आणि तिसऱ्या दिवशी सासू येऊन बसली.

“कोणाचं नाव निघालं?”

“कळलं नाही अम्मी. आता कळणारही नाही.”

सासूने थोडा विचार केला. “माजंच होतं,” ती म्हणाली. “तू त्या दिवशी नीट मारलंच नसशील. दिसत कुठे होतं?” आणि समाधानाने घरी गेली. झरीनने मैत्रिणींना आपलंच नाव होतं असं सांगितलं. ज्या गोष्टीचा पुरावा उरत नाही ती सगळ्यांच्या खात्यावर जमा होते. कोणाचंच नुकसान नाही. रझियाने कोणाला नाही म्हटलं नाही.

मग रांग लागली. मिरकरवाड्याच्या बंदरापासून खलाशी यायला लागले. कोणाचा फोटो लग्नातला कापलेला, शेजारी बायकोचा खांदा तेवढा उरलेला. कोणाला रक्तगट माहीत नाही. “लाल हाय, लिवा,” असं एकाने सांगितलं आणि मागचे हसले. रझिया हसली नाही, पण त्याला सरकारी दवाखान्याचा रस्ता सांगितला. आत्माराम येऊन पहिला गठ्ठा उलटसुलट करून बघून गेले.

“वहिनी, फोटोपेक्षा कार्डात बरे दिसतायत हो मेले,” एवढं बोलले.

पुनवेच्या आदल्या दिवशी अझीम आला. दाराशी उभा राहून त्याने रस्त्याकडे बघत सांगितलं, “मोबाईलवाल्याला म्हटलं, एसटी स्टँडकडे बघ जागा. इथे नाय जमायचं.” रझियाने मान हलवली. मग त्याने खिशातून एक पासपोर्टचा फोटो काढला आणि रांगेच्या बाजूने आत घुसत तो तिच्यापुढे धरला. “माजं पण कार्ड काढ. मी पण सोसायटीचा हाय.”

“रांगेत या, अझीमभाई.”

रांगेत त्याच्याच होडीवरचे चार जण उभे होते, आणि चौघेही छताकडे बघायला लागले. अझीमने रझियाकडे बघितलं. ती पुढच्याचं नाव टाइप करत होती. तो मागे गेला आणि आपल्याच खलाशाच्या पाठीमागे उभा राहिला.

त्याचा नंबर आला तेव्हा दुपार कलली होती. तिने फोटो काचेवर पालथा ठेवला, झाकण लावलं. पडद्यावर चित्र वरून खाली, एकेक पट्टी करून उतरायला लागलं. आधी केस. मग कपाळ, आणि त्याखाली दोन्ही भावांना बापाकडून मिळालेल्या त्या जुळलेल्या भुवया. तिथे जरा वेळ लागला. लागतो कधीकधी. मग डोळे आले, मिशी आली, आणि तो अझीमच होता.

“नाव?” रझियाने विचारलं.

“माजं नाव तुला म्हायत नाय?”

“कार्डावर कसं पाहिजे, ते सांगा.”

अझीमने सावकाश, आडनावासकट सांगितलं. तिने ते टाइप केलं, एकदा वाचून दाखवलं, आणि त्याला रक्तगट विचारला.